डॉक्टर, नर्स आणि व्यसन : कुटुंबीयांनी आणि रुग्णांनी काय जाणून घ्यावे?

डॉक्टरही आजारी पडतात, हे आपण सहज मान्य करतो. डॉक्टरला डायबेटिस झाला किंवा हार्ट अटॅक आला तर कोणी नावे ठेवत नाही. पण डॉक्टरला दारूचे, झोपेच्या गोळ्यांचे किंवा इंजेक्शनचे व्यसन आहे असे कळले, की घर गप्प होते. "यांना तर सगळे कळते, मग हे असे कसे?" हा प्रश्न मनातच राहतो. बाहेर मात्र "साहेबांना जरा बरे नाही" एवढेच सांगितले जाते.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. तुमच्या घरात डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, लॅब किंवा ओटी टेक्निशियन असेल आणि त्यांच्या वागण्याने तुम्हाला काळजी वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि रुग्ण म्हणून, आपल्यावर उपचार करणारी व्यक्ती शुद्धीत नाही अशी शंका तुम्हाला आली असेल, तर त्या प्रसंगी काय करावे हेही यात सांगितले आहे.

थोडक्यात

• व्यसन हा उपचार होणारा आजार आहे. वैद्यकीय शिक्षण घेतल्याने त्यापासून संरक्षण मिळत नाही.
• आरोग्य क्षेत्रातल्या माणसाचे व्यसन घरी आधी दिसते, कामावर बहुधा सगळ्यात शेवटी. म्हणून घरच्यांचे लक्ष फार महत्त्वाचे.
• झाकून ठेवल्याने नोकरी वाचते असे वाटते. प्रत्यक्षात आजार वाढतो आणि रुग्णांनाही धोका होतो.
• दारू किंवा झोपेच्या गोळ्या घरच्या घरी एकदम बंद करू नका. त्यातून फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो.
• योग्य उपचार आणि नंतर काही वर्षे देखरेख मिळाली, तर बहुसंख्य डॉक्टर पुन्हा काम करू शकतात.

व्यसन कशाला म्हणायचे?

लग्नात एक पेग घेतला किंवा एखाद्या रात्री झोपेची गोळी घेतली म्हणजे व्यसन लागले, असे नाही. डॉक्टर पुढील गोष्टी तपासतात:

• ठरवलेल्यापेक्षा जास्त प्रमाणात किंवा जास्त दिवस घेतले जाते.
• कमी करायचे अनेकदा ठरवूनही जमत नाही.
• तलफ येते. मन सतत त्यातच अडकलेले असते.
• पूर्वीइतका परिणाम व्हायला आता जास्त मात्रा लागते.
• मिळाले नाही तर हात थरथरणे, घाम, अस्वस्थपणा, अंगदुखी, झोप न येणे असा त्रास होतो.
• घर, तब्येत, पैसा किंवा काम यांचे नुकसान दिसत असूनही ते सुटत नाही.

यातल्या दोन-तीन गोष्टी वर्षभरात वारंवार दिसत असतील, तर तपासणीची वेळ आली आहे असे समजावे. सहाही गोष्टी दिसेपर्यंत थांबायचे कारण नाही. आपल्या देशाच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्येही दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही हा माणूस उपचारांचा हक्क असलेला रुग्ण आहे.

ज्याला सगळे कळते, त्याला व्यसन कसे लागते?

विल्यम हॉल्स्टेड हे अमेरिकेतले फार मोठे सर्जन होते. ऑपरेशनच्या वेळी रबरी हातमोजे वापरण्याची पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १८८४ च्या सुमारास कोकेनने अवयव बधिर करता येतो, हे वैद्यकाला नुकतेच कळले होते. हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी त्याचे प्रयोग स्वतःवर करू लागले आणि व्यसनात अडकले. पुढे कोकेनऐवजी मॉर्फिन त्यांना चिकटले. ते जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचे नामांकित सर्जन झाले, पण मॉर्फिन अनेक वर्षे सुटले नाही. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांना हे माहीत होते. त्यांनी ते लिहूनही ठेवले, पण ती नोंद जगासमोर आली १९६९ मध्ये, हॉल्स्टेड यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

इतकी बुद्धी आणि औषधांचे इतके ज्ञान असलेला माणूस सुटला नाही, याचे कारण व्यसन मेंदूच्या ज्या भागात घर करते, तिथे पाठ्यपुस्तकातली माहिती उपयोगी पडत नाही. उलट आरोग्य क्षेत्रातल्या माणसासाठी काही धोके जास्तच असतात.

१. औषध हाताशी असते. सामान्य माणसाला चिठ्ठीशिवाय सहज मिळू नये अशी औषधे इथे ट्रॉलीवर, ओटीत, वॉर्डच्या कपाटात असतात. भूलतज्ज्ञ, आयसीयू आणि कॅज्युअल्टीत काम करणारे लोक ती रोज हाताळतात. रुग्णाला दिल्यानंतर अँप्युलमध्ये उरलेले औषध टाकून द्यायचे असते. काहींची सुरुवात तिथूनच होते.

२. स्वतःवर स्वतःच उपचार. कंबर दुखली, घेतले इंजेक्शन. नाइटनंतर झोप येत नाही, घेतली गोळी. दुसऱ्या डॉक्टरकडे जायला वेळ नसतो आणि संकोचही वाटतो. तपासणारा आणि तपासला जाणारा एकच असेल, तर मात्रा वाढते आहे हे सांगणारे कोणी उरत नाही.

३. "मला डोस कळतो" हा भ्रम. कधी, किती घ्यायचे आणि कसे लपवायचे हे माहीत असल्यामुळे सगळे आपल्या ताब्यात आहे असे वाटत राहते.

४. झोपेची उपासमार. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की सलग १७ तास जागा असलेला माणूस हात व डोळ्यांच्या समन्वयाच्या चाचणीत जितका मंदावतो, तितकाच रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना मंदावतो. २४ तासांच्या जागरणाने ही पातळी ०.१० टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्याकडे गाडी चालवताना रक्तातील अल्कोहोलची मर्यादा ०.०३ टक्के आहे. रेसिडेंट डॉक्टरांची ड्यूटी कित्येकदा २४ तासांच्या पुढे जाते. जागे राहायला काही तरी आणि मग झोपायला काही तरी, हे चक्र इथेच सुरू होते.

५. मनावरचा ताण. रोजचे मृत्यू, नातेवाइकांचा राग, मारहाणीची भीती, कोर्टकचेरीची धास्ती, हॉस्पिटल काढण्यासाठी घेतलेले कर्ज, परीक्षा. नर्सच्या बाबतीत यात घरचे काम जोडा. नाइट करून आलेल्या सिस्टरला सकाळी झोप नसते, डबे असतात.

ताण आणि व्यसन एकच नाही

कामाच्या न संपणाऱ्या ताणाने माणूस आतून रिकामा होतो, त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणे नोंदवली : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही असे वाटणे. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या परिस्थितीतून घडणारी गोष्ट म्हणते.

प्रत्येक थकलेला डॉक्टर व्यसनी नसतो. पण थकवा, उदासपणा आणि व्यसन एकमेकांचा हात धरून येतात. म्हणून एकाची शंका आली तर बाकीच्यांचीही चौकशी करावी.

कामाचे तास हा यातला मोठा भाग आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावे, आठवड्यातून एक सुट्टी मिळावी आणि रोज ७ ते ८ तास झोप मिळावी, अशा शिफारशी त्यात आहेत. तुमचा मुलगा किंवा मुलगी रेसिडेन्सी करत असेल, तर "आमच्या वेळीही असेच होते" म्हणण्याआधी हे आकडे लक्षात ठेवा.

कोणते पदार्थ जास्त आढळतात?

दारू आणि तंबाखू. सर्वत्र आढळणारी आणि म्हणूनच सगळ्यात उशिरा लक्षात येणारी व्यसने.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम. काही आठवडे रोज घेतल्या तरी शरीराला सवय लागू शकते.

अफूवर्गीय वेदनाशामके. यात ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, मॉर्फिन, फेंटानिल येतात. पेंटाझोसिनची इंजेक्शने वारंवार घेतल्याने दंड-मांड्यांचे स्नायू लाकडासारखे कडक होतात आणि न भरणाऱ्या जखमा होतात. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. फेंटानिल मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र असते, त्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी श्वास थांबतो.

भुलीची औषधे. केटामिन, प्रोपोफॉल, मिडाझोलाम. प्रोपोफॉलने काही सेकंदांत शुद्ध हरपते. एकट्याने घेतले आणि श्वास थांबला, तर सावरायला जवळ कोणी नसते.

घरात दिसणाऱ्या खुणा

डॉक्टर किंवा नर्स शेवटपर्यंत कामावरची प्रतिमा सांभाळतात, कारण पगार, मान आणि औषध, तिन्ही तिथूनच मिळतात. आधी ढासळते ते घर. पुढील गोष्टींकडे लक्ष द्या:

• भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे; बाहीवर रक्ताचे बारीक ठिपके.
• बाथरूममध्ये खूप वेळ, दार आतून बंद.
• बॅगेत, गाडीत, माळ्यावर रिकाम्या सिरिंज, सुया, फुटलेल्या अँप्युल, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप.
• सुट्टीच्या दिवशीही "एक पेशंट बघून येतो" म्हणून हॉस्पिटलची फेरी; जादा ड्यूटी स्वतःहून मागून घेणे.
• मनःस्थितीत झपाट्याने बदल : आत्ता चिडचिड, अर्ध्या तासाने एकदम शांत आणि डोळे जड.
• टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक बाहुल्या, सारखे नाक पुसणे, घाम, जांभया, वजन घटणे.
• सण, नातेवाईक, मित्र टाळणे; मुलांच्या शाळेचे कार्यक्रम विसरणे.
• पैशांचा हिशोब न लागणे, बारीकसारीक खोटे बोलणे.
• गाडीला वारंवार लहान अपघात.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे व्यसन सिद्ध होत नाही. थायरॉइड, डायबेटिस, नैराश्य यांतही वजन आणि मनःस्थिती बदलते. पण तीन-चार खुणा एकत्र आणि काही आठवडे दिसल्या, तर त्या तारखेसह लिहून ठेवा. पुढे डॉक्टरांशी बोलताना ही वही फार उपयोगी पडते.

दारूबाबत चार सोपे प्रश्न

जगभरातले डॉक्टर हे चार प्रश्न विचारतात. उत्तरे त्या व्यक्तीने स्वतःच द्यायची असतात.

१. दारू कमी करायला हवी असे तुम्हाला कधी वाटले आहे का?
२. तुमच्या पिण्यावरून कोणी बोलले तर तुम्हाला राग आला आहे का?
३. पिण्याबद्दल कधी अपराधी वाटले आहे का?
४. हात स्थिर व्हावेत किंवा हँगओव्हर जावा म्हणून कधी सकाळी उठल्या उठल्या दारू घेतली आहे का?

दोन किंवा अधिक उत्तरे "हो" असतील तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. चौथ्याचे उत्तर "हो" असेल तर उशीर करू नये.

झाकाझाक का होते आणि तिची किंमत काय?

समजा, गावातले एकमेव डॉक्टर आहेत. रात्री ते पितात आणि सकाळी उशिरा उठतात. पत्नी रुग्णांना सांगतात, "साहेब कॉन्फरन्सला गेलेत." कंपाउंडर गोळ्या बांधून देतो. मित्र-डॉक्टर एखादी तातडीची केस सांभाळून घेतात. सगळे प्रेमापोटीच चाललेले असते. "प्रॅक्टिस बंद पडली तर कर्जाचे हप्ते कसे भरायचे? मुलीचे लग्न कसे होईल?" ही भीतीही खोटी नसते.

पण या प्रत्येक मदतीने व्यसनाचा एकेक परिणाम त्या माणसापर्यंत पोहोचायचा थांबतो. त्याला वाटते, सगळे चालले आहे. दोन-तीन वर्षांत यकृत, घरातला विश्वास आणि हातातले कौशल्य, तिन्ही घसरतात. मग एक दिवस चुकीचा डोस, गाडीचा अपघात किंवा बाथरूममध्ये बेशुद्ध सापडणे, यातून ती गोष्ट उघडी पडते. तेव्हा उपचारांबरोबर पोलीस, चौकशी आणि बदनामीही येते. आधी बोलले असते तर बहुधा उपचारांवर भागले असते.

म्हणून एक सीमारेषा आखा. आजारी माणसाची काळजी घ्यायची, पण त्याच्या वतीने खोटे बोलायचे नाही. नशेत असताना त्यांना रुग्ण तपासू द्यायचा नाही आणि गाडीची किल्ली द्यायची नाही. या दोन बाबतींत तडजोड नको.

बोलायचे कसे?

वेळ निवडा. नशेत असताना, भांडणात किंवा ड्यूटीवरून नुकतेच आले असताना बोलू नका. सकाळी, शुद्धीत, शक्यतो ज्यांचा शब्द ते मानतात अशा एका व्यक्तीला बरोबर घेऊन बोला.

जे पाहिले तेवढेच सांगा. "तुम्ही बेवडे झाला आहात" यातून फक्त वाद होतो. त्याऐवजी असे बोलता येईल : "या महिन्यात तीनदा तुमच्या बॅगेत वापरलेल्या सिरिंज सापडल्या. मला भीती वाटते. मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, आपण दोघे जाऊ."

किंवा नर्स असलेल्या मुलीशी : "बाळा, गोळीशिवाय तुला झोप येत नाही, हे मी दोन महिने बघते आहे. तुला ओरडणार नाही. पण हे आपण डॉक्टरांना दाखवू."

पुढची पायरी तयार ठेवा. दिवस, वेळ, डॉक्टरांचे नाव, सोबत कोण येणार, रजा कशी टाकायची, सगळे ठरलेले असावे. "हो" म्हणण्याचा क्षण छोटा असतो.

हे टाळा : मुलांसमोर अपमान, शपथा घ्यायला लावणे, कोंडून ठेवणे, मारहाण आणि "न सांगता दारू सोडवतो" अशा जाहिरातींतली पावडर जेवणात मिसळणे. अशा पावडरीत डायसल्फिराम असू शकते. ते पोटात असताना दारू प्यायल्यास उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि हृदयावर ताण येऊन जीव जाऊ शकतो. हे औषध फक्त रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

पहिल्या वेळी "मला काही झालेले नाही" असेच उत्तर येण्याची शक्यता जास्त आहे. तरीही तुम्ही एकटे जाऊन समुपदेशकाला भेटा. कुटुंबाने आपले वागणे बदलले की घरातले वातावरण हलू लागते. दारूच्या व्यसनात असलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाचे स्वमदत गट आहेत.

एकदम बंद का करू नये?

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे आणि किडे दिसू लागतात, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी असते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या रोज घेणाऱ्यांतही अचानक थांबवल्यास फिट येते.

अफूवर्गीय औषध थांबवल्यावर अंगदुखी, जुलाब, बेचैनी होते. त्रास खूप होतो, पण त्याने जीव जाण्याचा धोका तुलनेने कमी असतो. मोठा धोका पुढे असतो. काही आठवडे थांबल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुनाच डोस पुन्हा घेतला तर श्वास थांबू शकतो.

उपचार कसे होतात?

पहिला टप्पा : शरीरातून पदार्थ सुरक्षितपणे उतरवणे. साधारण एक ते दोन आठवडे औषधांखाली. झोपेच्या गोळ्या असतील तर मात्रा हळूहळू कमी करत आणखी जास्त काळ. दारूच्या रुग्णांना सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला इजा होते.

दुसरा टप्पा : मनाचे उपचार. समुपदेशन, गटचर्चा, नैराश्य किंवा चिंता असेल तर तिची औषधे. तलफ कमी करणारी औषधेही उपलब्ध आहेत.

तिसरा टप्पा : पाठपुरावा. महिने नव्हे, वर्षे. अल्कोहोलिक्स अनॉनिमससारखे गट, लघवीच्या तपासण्या, ठरावीक भेटी.

सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांपासून करा. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या मानसोपचार विभागात हे उपचार मिळतात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आणि बंगळूरच्या निम्हान्समधला व्यसन-उपचार विभाग हेही पर्याय आहेत. आपल्याच शहरात ओळखीचे लोक भेटतील या भीतीने उपचार टळत असतील, तर दुसऱ्या शहरात जा. पण जा.

एक अडचण आरोग्य क्षेत्रातल्या रुग्णांत नेहमी येते : ते स्वतःच डॉक्टर होऊन बसतात, औषधे बदलतात, "हे मला नको, ते द्या" म्हणतात. उपचारांच्या काळात त्यांनी फक्त रुग्ण असावे. स्वतःची चिठ्ठी स्वतः लिहायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

नोकरी आणि रजिस्ट्रेशन जाईल का?

स्वतःहून उपचार घेतल्याने सहसा कोणाचे रजिस्ट्रेशन जात नाही. कारवाईची वेळ येते ती नशेत काम करणे, रुग्णाला इजा होणे किंवा औषधांची चोरी यांमुळे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारावरच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. त्याला मोजकेच अपवाद आहेत.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही, फक्त सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण केले, तर खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. हॉस्पिटलमधून औषध उचलण्याचा गुन्हा यात येत नाही. तसे काही घडले असेल तर वकिलाचा सल्ला घ्या, पण त्यासाठी उपचार थांबवू नका.

खरेच बरे होतात का?

हो, आणि त्याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेत व्यसन असलेल्या डॉक्टरांसाठी राज्यवार कार्यक्रम आहेत. आधी उपचार, मग साधारण पाच वर्षे करार करून देखरेख, आणि कधीही बोलावून होणारी लघवीची तपासणी. अशा १६ कार्यक्रमांतल्या सुमारे ९०० डॉक्टरांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ८०२ जणांची माहिती मिळाली, त्यांच्यापैकी सुमारे ७९ टक्के डॉक्टर पाच वर्षांनंतर परवान्यासह काम करत होते. ब्रिटनमध्येही २००८ पासून डॉक्टरांसाठी स्वतंत्र, गोपनीय उपचारसेवा आहे.

या यशाचे रहस्य एखाद्या खास औषधात नाही. ते लांबच्या देखरेखीत आहे. आपल्याकडे अशी देखरेख बहुतेक वेळा उपचार करणारे डॉक्टर, कुटुंब आणि कामाची जागा यांनी मिळून उभी करावी लागते. कामावर परतताना सुरुवातीला नाइट ड्यूटी नको, औषधांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे, गरज पडल्यास विभागात बदल, अशा गोष्टी आधीच ठरवाव्यात. अधूनमधून व्यसन उलटले, तर सगळे संपले असे समजू नका. डायबेटिसमध्ये साखर वाढली की आपण औषध बदलतो, तसेच इथेही उपचार बदलावे लागतात.

रुग्ण म्हणून तुम्हाला शंका आली तर?

आधी एक लक्षात घ्या. हॉस्पिटलमध्ये हात निर्जंतुक करायच्या द्रवाला स्पिरिटचा वास येतो. रात्रभर जागलेल्या डॉक्टरचे डोळे लाल असतात. साखर उतरली किंवा पक्षाघात झाला, तरी माणूस अडखळत बोलतो. त्यामुळे एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका. पण तोल जाणे, जीभ जड होणे, तोंडाला दारूचा वास आणि विसंगत बोलणे हे सगळे एकत्र दिसले, तर गप्प बसू नका.

• इंजेक्शन, सलाईन किंवा ऑपरेशन चालू होणार असेल तर शांतपणे म्हणा, "थोडे थांबा, मला दुसऱ्या डॉक्टरांशी बोलायचे आहे."
• ड्यूटीवरच्या सिस्टर-इन-चार्ज, दुसरे डॉक्टर किंवा वैद्यकीय अधीक्षक यांना लगेच सांगा.
• रुग्ण गंभीर असेल तर आधी दुसरीकडे उपचारांची सोय करा, तक्रार नंतर.
• वेळ, ठिकाण आणि जे पाहिले ते लिहून ठेवा. हॉस्पिटलकडे लेखी तक्रार द्या. डॉक्टरविरुद्ध राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे, नर्सविरुद्ध नर्सिंग परिषदेकडे दाद मागता येते.
• व्हिडिओ काढून पसरवणे, शिवीगाळ, मारहाण यांतले काहीही करू नका. त्याने तुमचा रुग्ण सुरक्षित होत नाही, आणि तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

तक्रार करणे म्हणजे एखाद्याचे आयुष्य उद्ध्वस्त करणे नव्हे. पुष्कळदा तीच उपचारांची सुरुवात ठरते.

तातडीची मदत केव्हा घ्यायची?

पुढीलपैकी काहीही दिसल्यास १०८ वर फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या:

• हाक मारूनही जाग येत नाही, श्वास अगदी संथ किंवा घरघरता, ओठ-नखे निळसर, बाहुल्या बारीक. तोपर्यंत रुग्णाला कुशीवर झोपवा आणि एकटे सोडू नका. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला सीपीआर येत असेल तर लगेच सुरू करा. सापडलेल्या अँप्युल व स्ट्रिप बरोबर न्या. कोणते औषध घेतले हे कळले तर उतारा लवकर देता येतो.
• फिट आली, किंवा दारू बंद केल्यावर भ्रम आणि ताप.
• रक्ताची उलटी, काळी शौचास, कावीळ.
• "मी नसलेलेच बरे" असे बोलणे, निरवानिरव करणे, औषधांचा साठा करणे. डॉक्टर आणि नर्स यांच्या बाबतीत हे बोलणे कधीही हलके घेऊ नका, कारण जीवघेणे औषध त्यांच्या हाताशी असते. घरातली औषधे ताब्यात घ्या, सोबत राहा, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

मानसिक त्रासासाठी टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. फोन करणारी व्यक्ती स्वतः रुग्णच असली पाहिजे असे नाही. आई, वडील, पती, पत्नी, मुले, सहकारी, कोणीही करू शकते.

आज काय करता येईल?

शंका असेल तर तीन गोष्टी करा. गेल्या महिन्यात काय काय पाहिले ते एका कागदावर लिहा. वरच्या क्रमांकावर किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे तुम्ही स्वतः आधी बोला. आणि उद्यापासून त्यांच्या वतीने "साहेब बाहेरगावी गेलेत" असे सांगणे थांबवा. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे, पण बहुतेक घरांत उपचारांचे दार तिथूनच उघडते.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधे सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.)